आमच्यात माणसं मोजत नाहीत

१

झेमिश्कच्या जुन्या प्रार्थनाघराला लागून एक खोली होती. तिथं दर गुरुवारी सकाळी अकराला तीन म्हातारी माणसं जमायची, आणि बसल्या बसल्या आधी माणसं मोजायची. लिथुआनियातल्या या गावात युद्धाआधी निम्मी वस्ती ज्यूंची. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेव्हा दहा काय, शंभर मिळायचे. आता उरले होते युडल शिंपी, कानांनी अधू झालेली रोखल आणि बास्या कागान. तिघांतून दहा कसे भरणार? पण युडल मोजायचाच.

"मी बायकाही धरतो," तो म्हणायचा. "तक्रार करायला उरलंय कोण?"

मोजायचं तेही सरळ नाही. जिवंत माणसाला आकडा लावला की मरणाला त्याचा पत्ता लागतो, असं या लोकांत मानतात. म्हणून प्रत्येक आकड्याआधी 'नाही' म्हणायचं, म्हणजे मोजूनही न मोजल्यासारखं. युडलच्या आजोबांनी असंच मोजलं, बापानं असंच मोजलं, आणि त्या दोघांना कुठं पुरलंय हेही युडलला ठाऊक नव्हतं.

मार्चमधल्या त्या गुरुवारी त्यानं कात्री धरून धरून वाकडं झालेलं बोट खोलीत फिरवलं. "नाही एक, नाही दोन, नाही तीन, नाही चार."

"स्वतःला दोनदा धरलंस," बास्या म्हणाली. "पोट सुटलं म्हणून माणूस दोन होत नाही."

"मग तू मोज, मास्तरीणबाई."

बास्यानं चहाची किटली उचलली. बत्तीस वर्षं तिनं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, पण वर्गातली पोरं तिनं कधी मोजली नव्हती. सहलीला गेली तरी नावं घेऊन हजेरी घ्यायची. मुख्याध्यापक हसायचे, तिनं हसू दिलं.

चहा ओतून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण पेले चार मांडलेत. असू दे म्हणून चौथा तिनं रिकाम्या खुर्चीसमोरच ठेवला. साडेबाराला आवराआवर करताना चारही पेले तळापर्यंत प्यायलेले होते. चौथ्या बशीतली साखरेची वडीसुद्धा नव्हती.

रोखलला मधुमेह होता. गोडाची चोरी करत असणार, बास्यानं स्वतःशी म्हटलं, आणि पेले धुवायला घेतले.

२

गुरुवारची बैठक काही गप्पांसाठी नव्हती. ती खटल्यासाठी होती.

एक्केचाळीसच्या ऑगस्टमध्ये, जर्मन फौजा आल्यावर, गावातले उरलेसुरले ज्यू वीटभट्टीत कोंडले गेले, आणि एका सकाळी मागच्या खड्ड्याशी नेऊन मारले गेले. हुकूम देणारा जर्मन नव्हता. गावचाच होता. ब्रोनियुस गेल्झिनिस, गावच्या पोलिसांचा नायक. त्याची धाकटी बहीण शाळेत बास्याच्या बाकावर बसायची. चौदा वर्षांची बास्या तेव्हा विटा वाळवायच्या शेडच्या माळ्यावर आडवी पडली होती, आणि फळ्यांच्या फटीतून त्याचं तोंड तिला लख्ख दिसत होतं. खाली रांगेत तिची आई होती, आणि सात वर्षांचा भाऊ लेइबके.

तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षं ती या एका माणसाच्या मागे होती. राज्यं बदलली, कचेरीच्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, बाई मात्र तीच आणि अर्जही तोच. आधीच्या कम्युनिस्ट सरकारनं खड्ड्यावर दगड बसवला, त्यावर मेलेल्यांना 'शांतताप्रिय नागरिक' म्हटलं; ते ज्यू होते एवढंही लिहायची कुणाला लाज वाटली की भीती, देव जाणे. गेल्झिनिस तिकडे अमेरिकेत चाळीस वर्षं सुखानं राहिला. चर्चच्या गायनमंडळात गायचा! त्या मंडळाच्या पत्रकातल्या फोटोवरून बास्यानं त्याला हुडकला. कागदपत्रांत खोटं लिहिलं म्हणून अमेरिकेनं त्याला हाकलला, तर हा कुठं येऊन राहावा? झेमिश्कमध्येच. लिंडन झाडांच्या रस्त्यावर, तळमजल्यावर, पेन्शन खात.

आणि सरकारी वकील स्ताकेनास तिला म्हणत होता, "बाई, एकट्या तुमच्या साक्षीवर हा खटला उभा राहणार नाही. दुसरा कोणी प्रत्यक्षदर्शी आहे का?"

"आहेत ना. खड्ड्यात आहेत."

"तसं नव्हे—"

"तसंच आहे, साहेब. यानं साक्षीदार मारले, आणि आता साक्षीदार नाहीत म्हणून तुम्ही त्याला सोडणार? म्हणजे थोडे मारले असते तर अडकला असता, सगळे मारले म्हणून सुटला! वा रे कायदा!"

"आवाज चढवू नका, बाई."

"अठ्ठावन्न वर्षं खालच्या आवाजात बोलले, म्हणून तर ही पाळी आली."

स्ताकेनास वाईट माणूस नव्हता. चाळिशीचा, नीटनेटका, पेन्सिली टोक करून रांगेत ठेवणारा. एप्रिलअखेर फाइल बंद करायची, असं वरून आलं होतं, आणि ती लवकर बंद झाली तर त्यालाही हवंच होतं. "शिवाय तुमच्या जबानीत माणसं 'दोनशेच्या आसपास' असं आहे," तो म्हणाला. "समोरचा वकील यातच पकडेल. इतकं सगळं बघितलंत आणि आकडा माहीत नाही?"

बास्यानं पर्स उचलली आणि बाहेर आली. आकडा तिला ठाऊक होता. तो तिनं आजवर कुणाजवळही उच्चारला नव्हता.

३

पुढच्या गुरुवारी रोखल तापानं घरी होती. खोलीत दोघंच. युडलनं नेहमीसारखं बोट फिरवलं, आणि ते थांबेचना. खिडकीपासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून दारापर्यंत, पुन्हा खिडकी.

"नाही सात, नाही आठ, नाही नऊ." त्यानं हात मांडीखाली दाबून धरला. "आणखी एक आला की प्रार्थना सुरू करू," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते उद्या."

"बास्ये, मी डोळ्यांनी मोजत नव्हतो. बोट आपोआप थांबतंय."

तेवढ्यात भिंतीकडची खुर्ची कुरकुरली. माणूस अंग टाकतो तेव्हा आधी खुर्चीची पाठ कुरकुरते, मग बैठक. अगदी त्याच क्रमानं. मग तिच्या शेजारची. मग दाराजवळची, हळूच, हलक्या अंगाचं कुणी बसल्यासारखी. बास्यानं मनाशी धडा म्हणायला घेतला: शेगडी तापली की लाकूड तापतं, तापलं की फुगतं, फुगलं की वाजतं. सातवीतलं पोरही सांगेल. खोलीत ओल्या मातीचा वास सुटला होता, पण छप्पर गळकं आणि भिंती जुन्या विटांच्या. त्यात काय!

ती उठली, दाराजवळच्या खुर्चीच्या बैठकीवर तिनं तळवा टेकवला. शेगडीपासून हातभर अंतरावरची खुर्ची थंडगार होती, आणि दमट. हात उचलला तर बोटांना तांबूस चिखल लागला होता.

खिळ्यांचा गंज, ती म्हणाली, आणि रुमालाला हात पुसला. दोनदा पुसला. मग ती युडलसमोर बसली, आणि जे कधी बोलली नव्हती ते बोलून गेली.

"मी मोजलं होतं, युडल. त्या दिवशी. सरळ मोजलं."

युद्धात युडल सैन्यात होता, दूर; परत आला तेव्हा गल्लीत फक्त मांजरं होती.

"तो गेल्झिनिस मोठ्यानं मोजत होता. एकेकाकडे बोट करून. दहा झाले की हातमोजा मांडीवर आपटायचा. मी माळ्यावरून त्याच्या मागोमाग मोजत गेले. मला वाटलं, त्याच्या बाजूनं तो मोजतोय, तर आपल्या बाजूनंही कुणीतरी मोजायला हवं. 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं. आईला आकडा लावला. लेइबकेला लावला. माझं मोजून संपलं आणि गोळ्या सुरू झाल्या."

"माणसं गोळ्यांनी मेली, बास्ये. तुझ्या आकड्यानं नाही."

"मला कळत नाही का ते? अक्कल आहे मला! पण कळून उपयोग होत नाही, त्याला मी काय करू?"

युडलनं तिच्या हातावर हात ठेवला. "किती होते?" त्यानं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. दाराजवळची खुर्ची पुन्हा एकदा वाजली, कुणी ऐकायला पुढं वाकल्यासारखी.

४

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बास्या स्ताकेनासच्या दारात जाऊन उभी राहिली. "समोरासमोर बसवा," ती म्हणाली. जुन्या राजवटीपासून चालत आलेली ही पद्धत: साक्षीदार आणि आरोपी, मधे एक टेबल, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, लेखनिकानं सगळं उतरवायचं. "एकदा त्याच्या तोंडावर बोलू द्या. मग काय फाइल बंद करायची ती करा."

"त्यांना स्मृतिभ्रंश झालाय. दीड वर्ष एक शब्द बोललेले नाहीत. डॉक्टरांचा दाखला आहे."

"गेल्या शुक्रवारी मासळीबाजारात कार्प माशावरून घासाघीस करत होता. युडलनं ऐकलंय. कल्ले उचलून बघत होता."

स्ताकेनासनं पेन्सिल सरळ केली. "तुमची समजूत पटणार असेल तर बसवतो," तो म्हणाला. "तुमचं वय बघून."

माझं वय! बास्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं वय बघून त्याला सोडायचं, माझं वय बघून माझी समजूत घालायची. वय झालं नाही फक्त खड्ड्यातल्यांचं. पण होकार पदरात पडला होता.

अडचण एकच निघाली. वकिलाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि गेल्झिनिस चाकाच्या खुर्चीत. तळमजल्यावरची दुसरी जागा हवी होती. बास्याच्या तोंडून शब्द गेला तेव्हाच तिला तो परत घ्यावासा वाटला.

"आमची प्रार्थनाघराची खोली आहे," ती म्हणाली. "खुर्च्याही आहेत."

५

गुरुवारच ठरला, अकराच. आभाळ स्वच्छ होतं, खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. टेबलाच्या एका बाजूला बास्या, पाठ दाराकडे. तिच्या बाजूला युडल. समोर गेल्झिनिस: गोरा, गुळगुळीत दाढी केलेला, गुडघ्यांवर घोंगडी, नजर कुठंच नाही. त्याच्या मागे त्याचा डॉक्टर. टेबलाच्या टोकाला स्ताकेनास, आणि पन्नाशीची लेखनिक दायवाबाई टंकयंत्र घेऊन. तिनं वरच्या ओळीत टंकलं: उपस्थित व्यक्ती, सहा. बास्याला तो आकडा कागदावर पडताना ऐकू आला.

"बोला, बाई," स्ताकेनास म्हणाला.

बास्या बोलली. शेड, माळा, फट, तारीख. आई कुठं उभी होती. लेइबकेनं कुणाचा बूट घातला होता. हुकूम कुणी दिला. टंकयंत्र टकटकत राहिलं. गेल्झिनिसच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, डॉक्टरनं ती टिपली आणि स्ताकेनासकडे पाहून भुवया उंचावल्या. बघा, कशाला हा तमाशा?

"तुम्हाला यावर काही म्हणायचंय, श्रीमान गेल्झिनिस?"

काही नाही. तोंडावरची माशी हलावी एवढंही नाही. स्ताकेनासनं घड्याळ पाहिलं. बास्याला कळलं की संपलं. अठ्ठावन्न वर्षं चपला झिजवल्या, आणि ती सगळी या वीस मिनिटांत गेली. इतका राग आला की डोळ्यांपुढे ऊन पांढरं झालं. "खोटारडा!" ती टेबलावर हात आपटून ओरडली. "सगळं आठवतंय याला! सगळं!"

तेव्हा तिच्या पाठीमागे दार उघडलं.

वारा असेल. कडी जुनी होती. पण वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास आला आणि मानेवर गारवा बसला. मागची फळी वाजली. मग पुढची. मग भिंतीकडची खुर्ची, आधी पाठ, मग बैठक. युडलनं तिचं मनगट धरलं. त्याचे ओठ हलायला लागले होते.

गेल्झिनिसचे डोळे जागेवर आले.

ते दारावर गेले. तिथून भिंतीकडे सरकले, पुन्हा दाराकडे. घोंगडीखालून त्याचा हात वर आला आणि तर्जनी सरळ झाली.

"एक," तो म्हणाला.

घसा खरखरत होता, पण आवाज ठणठणीत होता. डॉक्टर मागं सरला. "दोन. तीन. चार." बोट बास्याच्या खांद्यावरून, कानाशेजारून पलीकडे जात होतं. दहा झाले तेव्हा त्यानं तळवा मांडीवर आपटला.

"हे काय चाललंय?" स्ताकेनास म्हणाला. तो दाराकडे वळला. पुढचं वाक्य त्यानं सुरू केलं नाही.

"लिहा," बास्या म्हणाली. "दायवाबाई, थांबू नका. म्हणतोय तसं लिहा."

६

मोजणं खूप वेळ चाललं. तीस, चाळीस. फळ्या वाजत राहिल्या. खोली एवढीशी, आठ खुर्च्या. तरी पावलं येतच होती आणि कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. ऊन टेबलावर होतं, पण त्यात ऊब नव्हती. साठ. सत्तर. मांडीवर तळवा. बास्या मागं वळली नाही. वळून बघितलं तर आई असेल, आणि नसेल तरीही ते सोसायचं नाही. तिच्यात तेवढं बळ नव्हतं.

समोर पुस्तकांचं कपाट होतं, काचेचं. तिकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तरी एकदा नजर गेलीच. काचेत काळोखी गर्दी होती, चेहरे नव्हते. फक्त खाली, अगदी कडेला, एक लहान हात दिसला. पुढच्याच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलेला. तिनं डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी ती त्याच्यामागून मोजत होती. थांबवता येईना. शंभर. एकशे वीस. दायवाबाईचं टंकयंत्र अडखळत होतं, ती मुसमुसत होती, पण लिहीत होती. "एकशे ऐंशी," गेल्झिनिस म्हणाला. एक्याऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

"एकशे चौऱ्याऐंशी."

बोट थांबलं. बास्याचं मोजणंही तिथंच थांबलं. अठ्ठावन्न वर्षं हाच आकडा तिनं गिळून ठेवला होता. जबानीत नाही, नवऱ्याजवळ नाही, कुणाजवळ नाही. आता तो त्याच्या तोंडून कागदावर गेला होता.

गेल्झिनिसच्या कपाळावर आठी पडली. हिशेब जुळत नसलेल्या कारकुनासारखा तो खोलीभर पाहत राहिला. "यादीत एकशे पंच्याऐंशी आहेत," तो चिडून म्हणाला. "एक कमी आहे." मग त्याची नजर खाली आली, टेबलावरून सरकत तिच्या हातांवर, तिच्या तोंडावर. तो पहिल्यांदाच तिला बघत होता. बोट हळूहळू वळलं.

"ही," तो म्हणाला. "कागानांची पोरगी. ही कुठं होती?"

"माळ्यावर," बास्या म्हणाली. आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "तुझ्या डोक्यावर, हरामखोरा. तू मोजत होतास आणि मी बघत होते."

"दार लावा," गेल्झिनिस म्हणाला. हुकूमच होता तो. "आता यादी भरली. दार लावून घ्या."

कुणीही हललं नाही. पण तिच्या पाठीमागे सगळ्या खुर्च्या एकदम वाजल्या, बसलेले उभे राहिल्यावर वाजतात तशा. युडलनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. खोलीतली हवा दाराकडे नव्हे, टेबलाकडे सरकली. तिच्या दोन्ही खांद्यांना गारवा चाटून पुढं गेला, आणि टेबलाच्या पलीकडे गेल्झिनिसचं बोट खाली आलं. तो खुर्चीची चाकं मागं ढकलू पाहत होता. डॉक्टर केव्हाच भिंतीला जाऊन चिकटला होता.

"लावू नका," बास्या म्हणाली. "दार उघडं राहू दे. दायवाबाई, तारीख घाला, वेळ घाला. त्यानं मला ओळखलं ते घाला. साहेब, दुसरा प्रत्यक्षदर्शी हवा होता ना तुम्हाला? हा घ्या. आकडाही घ्या, नक्की हवा होता तो. आता करा फाइल बंद, बघते मी कशी करता."

दायवाबाईनं कागद यंत्रातून ओढून स्ताकेनासपुढे ठेवला. सहीआधी वरची ओळ तपासायची, हा त्याचा शिरस्ता. हात आपोआप तिथं गेला. उपस्थित व्यक्ती, सहा. त्यानं त्यावर रेघ मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी घेतली. ती कागदावर टेकवून तो तसाच बसला, नजर बास्याच्या मागे आणि आता आजूबाजूला, टेबलाच्या दोन्ही कडांनी पुढं पुढं सरकणारी.

"किती लिहू?" त्यानं विचारलं. आवाज शाळेतल्या पोराचा होता. "बाई, इथं किती जण आहेत म्हणून लिहू?"

बास्यानं हातांची घडी घातली.

"आमच्यात माणसं मोजत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही मोजा."